टाळी, टिप आणि लेव्ही

घरात लागणारा शिधा बाजारातून घरी आणण्याचे काम प्रत्येक समाजात कोणीतरी करतच असते. काळानुसार बदलते ते एवढेच की ते कोणाच्या हातून होते, त्याचा मोबदला कोणाला मिळतो आणि त्यातला धोका कोणाच्या वाट्याला येतो. करोनाच्या साथीत, म्हणजे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील लक्षावधी कुटुंबांनी हे काम अवघ्या काही आठवड्यांत स्वतःकडून काढून अनोळखी माणसांच्या हाती सोपवले. ती माणसे दुकानातल्या फळ्यांवरून माल निवडत, पिशव्या भरत आणि दुचाकीवरून सोसायटीच्या फाटकापर्यंत पोहोचवत. त्यांचे कौतुकही भरपूर झाले. मात्र त्या कौतुकाने कोणते रूप घेतले आणि कोणते घेतले नाही, हे पाहायचे तर आधी या कामाचा प्रवास थोडक्यात लक्षात घ्यावा लागतो.

वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभे राहते आणि माल पलीकडून येतो, ही भारतात आजही चालू असलेली पद्धत एकेकाळी जगभर रूढ होती. महिन्याची यादी दुकानदाराकडे टाकायची, दुकानातल्या नोकराने डाळ-तांदूळ तोलून पुड्या बांधायच्या आणि संध्याकाळी दुकानातल्या पोऱ्याने सामान घरी आणून द्यायचे, या व्यवहारात निवडण्याचे, तोलण्याचे आणि वाहण्याचे सगळे श्रम दुकानाचे असत व त्यांची किंमत मालाच्या भावातच मिसळलेली असे. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडून ही पद्धत उलटी केली. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतः फळ्यांमधून फिरावे, हवे ते उचलावे आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत, अशी त्याची रचना होती व तिचे एकस्वही त्याने पुढच्याच वर्षी मिळवले. नोकरांच्या पगाराचा खर्च वाचल्याने माल स्वस्त देता आला, पण निवडण्याचे श्रम नाहीसे झाले नव्हते; ते गिऱ्हाइकाच्या अंगावर पडले आणि त्यांचा मोबदला कोणी देत नसल्याने ते श्रम आहेत हेच हळूहळू विसरले गेले. जगभरच्या सुपरमार्केटांचा पाया हाच आहे.

हे श्रम कोणी करायचे, या प्रश्नाचे महाराष्ट्रात एक वेगळे उत्तर शोधले गेले होते, आणि त्याचा उल्लेख साथीच्या चर्चेत फारसा झाला नाही, ही थोडी खेदाची गोष्ट आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण व्यवस्थेत शेजारपाजारची कुटुंबे गट करून आपल्या मासिक याद्या एकत्र देतात, घाऊक खरेदी केलेला माल गटातील एखाद्या सभासदाच्या घरी येतो आणि तो मोजून, वाटून आपापल्या घरी नेण्याचे काम सभासद पाळीपाळीने करतात. येथे निवडण्याचे आणि पोहोचवण्याचे श्रम कोणा एका नोकरावर नसून सर्वांमध्ये वाटलेले असल्यामुळे ते सर्वांना ठाऊकही असतात. साथीच्या काळात अनेक सोसायट्यांनी शेतकरी गटांकडून भाजीचे टेम्पो थेट फाटकापर्यंत मागवले आणि वाटपाचे काम रहिवाशांनीच अंगावर घेतले, तेव्हा कळत-नकळत हाच जुना मार्ग पुन्हा चोखाळला गेला.

दुकानाने माल निवडून तयार ठेवायचा आणि गिऱ्हाइकाने तो येऊन फक्त उचलायचा, ही तिसरी पद्धत इंटरनेटच्या काळातील आहे. फ्रान्समध्ये ती या शतकाच्या आरंभी सुरू झाली. अमेरिकेत वॉलमार्टने २०१४ च्या सुमारास तिचे प्रयोग चालवले आणि साथ येण्यापूर्वीच त्याच्या तीन हजारांहून अधिक दुकानांत ती सोय झाली होती. गिऱ्हाइकाने गाडी ठरलेल्या जागी उभी करायची, काचही खाली न करता मागचे झाकण उघडायचे आणि दुकानाच्या कामगाराने पिशव्या आत ठेवायच्या, असा हा व्यवहार प्रामुख्याने मोटारगाडी असलेल्या समाजासाठी आखलेला आहे. मुंबईत डीमार्टने ‘डीमार्ट रेडी’ या नावाने उभारलेली केंद्रे याच जातीची असली तरी तेथे गाडीऐवजी माणूस पायी येतो आणि पिशवी हातात घेऊन जातो. सामान्य वाण्याने मात्र २०२० च्या वसंतात कोणतेही तंत्रज्ञान नव्याने न आणता हीच सेवा उभी केली. दुकानापुढे दोरी बांधली, रस्त्यावर खडूने वर्तुळे आखली, व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या घेतल्या आणि पिशवी भरून झाली की फोन केला. स्वतः माल हाताळण्याची सवय गिऱ्हाइकाला त्याने कधी लावलीच नव्हती, त्यामुळे त्याला ती मोडावीही लागली नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्याच दिवशी केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या आदेशात किराणा, भाजीपाला, दूध, मांस-मासळी यांची दुकाने चालू ठेवण्यास मुभा होती, लोकांची ये-जा कमी व्हावी म्हणून घरपोच सेवेला जिल्हा प्रशासनाने उत्तेजन द्यावे असे म्हटले होते आणि ई-कॉमर्स मार्फत होणाऱ्या अत्यावश्यक वस्तूंच्या पुरवठ्यालाही सूट होती. कागदावर एवढे स्पष्ट असूनही पहिल्या काही दिवसांत देशाच्या अनेक भागांत सामान पोहोचवणाऱ्यांना पोलिसांनी नाक्यावर अडवले, काही ठिकाणी मारहाणही झाली, कारण रस्त्यावर दिसणारा प्रत्येक माणूस हा नियम मोडणारा, असेच त्या दिवसांत गृहीत धरले जात होते. आदेशाच्या भाषेत ‘अत्यावश्यक’ ठरलेल्या या माणसाजवळ ते सिद्ध करणारा कागद बहुधा नसे. पास, ओळखपत्रे आणि परवानग्या मागाहून आल्या.

याच दिवसांत ‘स्लॉट’ हा शब्द घरोघरी पोहोचला. स्लॉट म्हणजे सामान येण्यासाठी ठरवून मिळणारी वेळेची खिडकी, आणि सगळे स्लॉट भरले आहेत हा संदेश पाहून अनेकांनी मालाचा तुटवडा पडल्याचा तर्क केला, जो बहुतेक वेळा चुकीचा होता. एका दिवसात किती स्लॉट द्यायचे हे गोदामात किती पोती आहेत यापेक्षा माल निवडणारे किती हात आणि पोहोचवणाऱ्या किती गाड्या आहेत यावर ठरते, आणि टाळेबंदीत नेमके हातच कमी पडले होते, कारण कामगारांपैकी अनेक जण गावी निघून गेले होते, काही जण प्रतिबंधित क्षेत्रात अडकले होते आणि लोकल गाड्या बंद असल्याने दूर राहणाऱ्यांना कामावर येणेच अशक्य झाले होते.

हे काम घडते कसे, याची ओळख गिऱ्हाइकाला सहसा नसते. ऑनलाइन किराण्याची गोदामे, ज्यांना व्यवसायात ‘डार्क स्टोअर’ म्हणतात, ती गिऱ्हाइकांना प्रवेश नसलेली दुकानेच असतात. तेथील प्रत्येक फळीला क्रमांक असतो, निवडणाऱ्या कामगाराच्या हातातील यंत्रावर पुढची वस्तू आणि तिचा क्रमांक उमटतो आणि प्रत्येक वस्तूचे पट्टीचिन्ह वाचून तो ती टोपलीत टाकतो. जड वस्तू तळाशी, अंडी व पाव वर, दूध-दही सर्वांत शेवटी, पिकलेला टोमॅटो वेगळा, ही अक्कल यंत्र पुरवत नाही. हवी ती वस्तू संपली असेल तर तिच्याऐवजी काय द्यावे हा निर्णय तर आणखी नाजूक असतो, कारण इंद्रायणीऐवजी कोलम चालेल की नाही हे घराघरावर अवलंबून असते आणि चुकल्यास तक्रार त्याच्याच नावावर नोंदली जाते. साथीत अशा बंद जागेत, मुखपट्टी लावून, नेहमीपेक्षा किती तरी अधिक मागण्या पुऱ्या करीत हे लोक उभे होते आणि त्यांचे चेहरे गिऱ्हाइकाने कधीच पाहिले नाहीत. फाटकापर्यंत येणाऱ्याचे निदान आभार तरी मानले गेले.

गोदामांच्याही मागे असलेला थर तर पूर्णपणे नजरेआड राहिला. मुंबई महानगराचा बराचसा भाजीपाला, कांदा-बटाटा, फळे, धान्य आणि मसाले नवी मुंबईतील वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतून जातात, आणि तेथे ट्रकमधून पोती उतरवणारे माथाडी कामगार संपूर्ण टाळेबंदीत पाठीवर ओझी वाहत होते. व्यापारी आणि कामगारांमध्ये संसर्ग वाढल्यामुळे मे २०२० मध्ये ११ ते १७ तारखेपर्यंत ही बाजारपेठ निर्जंतुकीकरणासाठी बंद ठेवावी लागली. शहरातल्या पिशवीत आलेल्या मेथीच्या जुडीमागे किती जणांनी गर्दीत श्वास घेतला होता, याचा अंदाज त्या एका आठवड्यावरून यावा. घरपोच सेवेचा लाभही सर्वांना सारखा मिळाला नाही, हे येथेच नोंदवले पाहिजे. ॲपची सेवा किमान रकमेची खरेदी, डिजिटल पैसे आणि सापडण्याजोगा पत्ता मागते, आणि रोजच्या मजुरीवर रोजचे तेल-मीठ घेणाऱ्या वस्तीत या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच असतात. मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा बंद करण्यात आला तेव्हा तेथील लोकांना ॲपचा उपयोग नव्हता. ते महापालिकेवर आणि स्वयंसेवकांवर अवलंबून होते.

सामान पोहोचवणाऱ्याविषयीच्या कृतज्ञतेबरोबरच त्याच्याविषयीची भीतीही त्या दिवसांत वाढली. चीनमध्ये जानेवारी २०२० च्या अखेरीस वुहान शहरात ‘स्पर्शविरहित वितरण’ सुरू झाले होते, म्हणजे पिशवी ठरलेल्या जागी ठेवून कामगाराने मागे सरायचे आणि मग गिऱ्हाइकाने ती उचलायची. ही पद्धत भारतातल्या कंपन्यांनी मार्चमध्येच स्वीकारली. सोसायट्यांनी फाटकाशी टेबल मांडले, लिफ्ट वापरण्यास मनाई केली आणि वॉचमनच्या हाती फवारणीची बाटली दिली. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा विषाणू प्लास्टिक व पोलादावर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत जिवंत आढळला होता, त्यामुळे पिशव्या उन्हात ठेवणे, दुधाच्या पिशव्या साबणाने धुणे आणि भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवणे हे घराघरांतील नित्यकर्म बनले. दिल्लीत एप्रिल २०२० मध्ये एका पिझ्झा पोहोचवणाऱ्या तरुणाला संसर्ग झाल्याचे आढळताच ७२ कुटुंबांना घरात विलगीकरणात राहण्यास सांगण्यात आले आणि त्या बातमीचा देशभर धसका घेतला गेला.

पुढे संशोधनाने चित्र पालटले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार दूषित पृष्ठभागाला हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असते. संसर्ग मुख्यतः पसरतो तो श्वासातून बाहेर पडणाऱ्या कणांमुळे, बंद व गर्दीच्या जागांत. याचा अर्थ नीट लावला तर पिशवीकडून गिऱ्हाइकाला असलेला धोका नगण्य होता आणि खरा धोका गोदामात, बाजारात आणि दिवसाकाठी वीस-पंचवीस फाटकांवर थांबणाऱ्या माणसाला होता. स्पर्शविरहित व्यवहाराने जवळीक कमी केली, हा फायदा दोघांनाही झाला हे मान्य करावेच लागेल, पण त्याची आखणी व जाहिरात मात्र जवळजवळ सर्वत्र गिऱ्हाइकाला कामगारापासून वाचवण्याच्या भाषेत झाली.

दुसऱ्या लाटेत ही विसंगती सरकारी आदेशांतही उमटली. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ या नावाने निर्बंध लागू केले. २० एप्रिलपासून किराणा व भाजीची दुकाने सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी राहू लागली, तर घरपोच सेवेला रात्री ८ पर्यंत मुभा होती, आणि त्यामुळे शहरांचा सगळा भार पुन्हा दुचाकीवाल्यांवर आला. घरपोच सेवा देणाऱ्यांनी केंद्राच्या निकषांनुसार लवकरात लवकर लस घ्यावी आणि तोवर पंधरा दिवसांपर्यंत वैध असलेला आरटी-पीसीआर चाचणीचा नकारात्मक अहवाल जवळ बाळगावा, अशीही अट होती. आता केंद्राचे निकष पाहावेत, तर १ एप्रिलपासून लसीकरण खुले झाले होते ते ४५ वर्षांवरील नागरिकांना, आणि १८ ते ४४ वयोगटाची पाळी आली १ मे रोजी, तीही लशींच्या टंचाईसह. हे काम करणारे बहुसंख्य तरुण विशी-तिशीतले असल्यामुळे ज्यांनी लस घ्यावी अशी आदेशाची इच्छा होती त्यांना ती घेण्याचा हक्कच नव्हता, आणि नाकात काडी घालून घेण्याची पंधरवड्याची वारी तेवढी त्यांच्या वाट्याला आली. मुंबई पोलिसांनी याच महिन्यात वाहनांसाठी रंगीत चिकटचिन्हे आणली, ज्यांत वैद्यकीय सेवेला लाल आणि भाजी-किराण्याला हिरवा रंग होता. ती योजना आठवडाभरातच गुंडाळली गेली.

कौतुकाची रूपे या काळात अनेक होती. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी ५ वाजता देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या. ब्रिटनमध्ये २६ मार्चपासून दहा आठवडे दर गुरुवारी रात्री ८ वाजता टाळ्या वाजत राहिल्या. कोणी फाटकावर पाण्याची बाटली आणि बिस्किटे ठेवली, कोणी दारावर आभाराची चिठ्ठी चिकटवली, कोणी सण-समारंभाला द्यावी तशी पाकिटे दिली. या कृतींना कमी लेखण्याचे कारण नाही, कारण दिवसभर संशयाने पाहिल्या जाणाऱ्या माणसाला नावाने हाक मारून प्यायला पाणी देणे ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. तरीही पैशाचा संबंध आला की कौतुकाचा रंग कसा बदलतो, हे अमेरिकेतील अनुभवाने लख्खपणे दाखवून दिले. तेथे ॲपवरून किराणा आणून देणाऱ्यांसाठी गिऱ्हाइकाला सामान येण्यापूर्वीच टिप जाहीर करता येते आणि नंतर ती बदलताही येते. स्लॉट मिळणे कठीण झाले तेव्हा काही गिऱ्हाइकांनी मोठ्या टिपेचे आमिष दाखवून आपले सामान आधी मिळवले आणि ते दारात पडताच टिप शून्यावर आणली. प्रकार इतका गाजला की इन्स्टाकार्ट या कंपनीने जून २०२० मध्ये टिप बदलण्याची मुदत तीन दिवसांवरून एका दिवसावर आणली. त्याआधी ३० मार्चलाच या कंपनीसाठी काम करणाऱ्यांनी जंतुनाशक द्रव आणि प्रत्येक मागणीमागे ५ डॉलर जोखीम भत्ता मिळावा म्हणून काम थांबवले होते.

जोखीम भत्ता म्हणजे धोक्याच्या परिस्थितीत केलेल्या कामासाठी नेहमीच्या मजुरीवर मिळणारी जादा रक्कम. क्रोगर या अमेरिकी किराणा साखळीने वसंत ऋतूत आपल्या कामगारांना तासाला २ डॉलरचा ‘हीरो’ भत्ता दिला आणि साथ ओसरलेली नसतानाही मेच्या मध्यास तो बंद केला. सिअ‍ॅटल शहराने जून २०२० मध्ये अन्न पोहोचवणाऱ्यांना प्रत्येक मागणीमागे अडीच डॉलर अधिक देणे बंधनकारक केले. लाँग बीच शहराने २०२१ च्या आरंभी किराणा दुकानांतील कामगारांसाठी तासाला ४ डॉलरचा भत्ता सक्तीचा केला, तेव्हा क्रोगरने तेथील आपली दोन दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. वीर म्हणून गौरवणे आणि वीराला चार डॉलर देणे यांतले अंतर याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

भारतात असा भत्ता कायद्याने कोठेच आला नाही. केंद्राने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेले ५० लाखांचे विमा संरक्षण आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी, आशा सेविकांसह, होते. पोहोचवणाऱ्यांचा त्यात समावेश नव्हता. उलट ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये चेन्नई आणि हैदराबाद येथे अन्न पोहोचवणाऱ्या तरुणांना प्रत्येक खेपेचा मूळ दर घटल्याबद्दल संप करावा लागला. त्यांना पगार नसतो, खेपेमागे रक्कम मिळते. दोन खेपांमधला वाट पाहण्याचा वेळ, गाडीची झीज आणि पेट्रोल हे सर्व त्यांच्याच खिशातून जाते. मुंबईत एप्रिल २०२० मध्ये सुमारे ७६ रुपये असलेले पेट्रोल मे २०२१ च्या अखेरीस शंभरी ओलांडून गेले होते. आजारी पडल्यास रजा नाही, कारण कंपनीच्या लेखी तो नोकर नसून ‘भागीदार’ असतो, आणि गिऱ्हाइकांनी दिलेले तारे कमी झाल्यास त्याचे खाते एखाद्या सकाळी उघडेनासे होते.

मालक निश्चित नाही, काम रोज वेगळ्या दुकानाचे आणि मजुरी नगावर, अशा स्थितीतील माणसाला संरक्षण कसे द्यावे हा प्रश्न महाराष्ट्राला मात्र नवा नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी राज्याने कायदा केला. त्यानुसार व्यापारी, कामगार आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. व्यापारी मजुरी थेट कामगाराला न देता मंडळात भरतो, तिच्यावर ठरावीक टक्क्यांची ‘लेव्ही’ भरतो आणि त्या रकमेतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी सुट्ट्या आणि औषधोपचार यांची सोय होते. या व्यवस्थेच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या बनावट माथाड्यांचा उपद्रव उद्योगांना झाला आहे, हेही खरे. तरी दुकान बदलले म्हणून कामगाराची नोंद पुसली जात नाही, हे तिचे मर्म टिकून आहे.

ॲपवर काम करणाऱ्यांची दखल केंद्रीय कायद्यात प्रथम आली ती साथीच्याच वर्षी. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा, आणि प्लॅटफॉर्म कामगार यांच्या व्याख्या आहेत. नीती आयोगाने २०२२ मध्ये अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाण्याचा अंदाज मांडला. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला, ज्यातील कल्याण मंडळ आणि शुल्काची कल्पना माथाडी मंडळांची आठवण करून देते. केंद्रीय संहिता प्रत्यक्ष अमलात यायला मात्र २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. तिच्यानुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे, पण ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक असणार नाही. एका खेपेला ४० रुपये मिळत असतील, तर त्या खेपेमागे निधीत जास्तीत जास्त २ रुपये पडतील; अनेक माथाडी मंडळांत लेव्ही मजुरीच्या ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, म्हणजे तेवढ्याच मजुरीवर सुमारे १२ रुपये किंवा अधिक.